शेवटच्या ग्रीनवरची दोन पावलं

स्पष्टच सांगते, मला गोल्फ आवडत नाही. एका खेळाला इतकी जमीन, इतकं पाणी आणि इतकं लांब कुंपण लागतं, हे मेलबर्नला शिकायला आले तेव्हापासून मला खुपत आलंय. तरी त्या वर्षी तीन महिने मी एका जुन्या गोल्फ क्लबात कामाला होते. देशातली एक मोठी व्यावसायिक स्पर्धा तिथे भरते. तिच्या इतिहासाचं प्रदर्शन क्लबहाउसच्या लांबलचक भिंतीवर लागणार होतं, आणि जुने फोटो स्कॅन करून त्याखाली चार ओळी लिहायला त्यांना कोणीतरी हवं होतं. इतिहासाची पदवी होती माझ्याकडे. शिवाय युनिव्हर्सिटीपासून पत्रकं लिहून हात तयार झालेला: भाडेकरूंसाठी, आमच्या टार्निट उपनगराच्या बससाठी, जो येईल त्याच्यासाठी.

फोटो बघता बघता माझं डोकं फिरलं. चषक उचललेले पुरुष, चषक देणारे पुरुष, मागे टाय लावून उभे असलेले पुरुष. एका जुन्या पत्रात तर लिहिलं होतं की, पोटासाठी खेळणाऱ्या खेळाडूंनी पुढच्या दाराने आत येऊ नये. हे पत्र भिंतीवर लावायला समिती एका पायावर तयार झाली. मेलेल्या माणसांनी केलेल्या अन्यायाबद्दल हळहळायला काही जात नाही ना. जिवंत माणसांचं काय, असं मी विचारलं की सगळे चहाचे कप उचलायचे.

जिवंत माणूस म्हणजे काकू. टार्निटमध्ये आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायच्या. मूळच्या नाशिकच्या, वीस वर्षं त्याच क्लबात गवत राखायच्या कामावर. आम्ही एकाच गाडीने जायचो, पहाटे पूल ओलांडून शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. काकूंचं खास काम म्हणजे होल, चेंडू ज्यात पडतो तो खळगा, कापणं. स्पर्धेच्या चारही दिवशी प्रत्येक ग्रीनवर, म्हणजे बारीक कापलेल्या हिरवळीवर, होलची जागा बदलतात. अधिकारी जागा दाखवतो, काकू गोल पात्याचं हत्यार मातीत दाबून सरळ फिरवतात, गवतासकट मातीची नळी अलगद उचलतात आणि कालच्या होलमध्ये बसवतात. नंतर हात फिरवून बघितलं तरी जोड सापडत नाही. ही शेवटची स्पर्धा होती त्यांची. स्पर्धा संपली की निवृत्ती.

"काकूंचा फोटो भिंतीवर लावा, नावासकट," मी समितीच्या अध्यक्षांना सांगितलं.

पांढऱ्या मिशांचा, अतिशय गोड बोलणारा माणूस. म्हणाला, "कल्पना सुंदर आहे. पण हा स्पर्धेचा इतिहास आहे, देखभालीचा नाही."

झालं. मी पत्रक छापलं. ठळक मथळा, खाली काकूंचा फोटो, "हिच्याशिवाय होल नाही, होलशिवाय खेळ नाही". पहिल्या दिवशी, गुरुवारी सकाळी, नवव्या ग्रीनच्या दोरीपाशी वाटायला उभी राहिले. तीसेक वाटली असतील. मग स्वयंसेवकांनी शांततेसाठी हात वर केले. मला वाटलं, मलाच गप्प करतायत. मी आणखी जोरात ओरडले. दोरीच्या आत एक खेळाडू पट मारायला, चेंडू हलकेच होलकडे ढकलायला, वाकला होता, तो सरळ झाला आणि माझ्याकडे बघत राहिला. हजार माणसं माझ्याकडे बघत राहिली.

आणि मागून, झुडपांच्या बाजूने, अस्सल मराठीत आवाज आला: "अगं ए! पट मारतोय ना तो! गप्प बस की मेले!"

काकू. ज्यांच्यासाठी मी लढत होते, त्याच.

परतीच्या गाडीत पुलाजवळ काकूंनी विषय काढला. म्हणाल्या, "माझा फोटो छापलास. विचारलंस का मला?"

"काकू, तुमच्यासाठीच..."

"माझ्यासाठी की तुझ्या पत्रकासाठी?" त्या पुढे म्हणाल्या, "नाव नकोय असं नाही म्हणत मी. वीस वर्षं वाटतंय, भिंतीवर एकदा तरी दिसावं. पण उपकार म्हणून नको. ग्रीनवर कागद उडवून तर नकोच नको."

लाज वाटली. राग त्याहून जास्त आला, स्वतःचाच. इतकी पत्रकं लिहिली, पण ज्या बाईबद्दल लिहिलं तिला साधं विचारायचं मला सुचलं नव्हतं.

शुक्रवारी कामावर गेले ती हकालपट्टी होणार असं धरूनच. पण समितीला वेगळीच चिंता पडलेली. प्रदर्शनाच्या मध्यभागी एका गाजलेल्या विजयाचा देखावा होता: शेवटची ग्रीन, शेवटचा लांबलचक पट, चषक. तो विजेता आता म्हातारा झालाय, रविवारी स्वतः उद्घाटनाला येणार होता. आणि त्या दिवशी होल नक्की कुठे होतं, हे कोणालाच सांगता येईना. जुनी शेड पाडली तेव्हा जागांचे तक्ते कचऱ्यात गेले होते. अध्यक्ष म्हणत होते मागे डावीकडे, दुसरे एक गृहस्थ म्हणत होते उंचवट्यावर.

दुपारी डबा खाताना मी हे काकूंना सांगितलं. त्या लोणच्याची फोड चोखत म्हणाल्या, "उंचवट्यावर नव्हतं. लिहिलंय माझ्याकडे."

वीस वर्षांच्या वह्या! प्रत्येक स्पर्धा, प्रत्येक दिवस, प्रत्येक ग्रीन. पावलांत मोजलेलं अंतर, वारा, मातीचा ओलावा, सगळं मराठीत. त्या संध्याकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात आम्ही ते पान काढलं. लिहिलं होतं: "रविवार. साहेब म्हणाले उंचवट्यावर घे. मी म्हटलं, साहेब, इथे कोणाचा चेंडू थांबणार नाही, खेळाचा तमाशा होईल. त्यांनी चेंडू सोडून पाहिला. नाही थांबला. दोन पावलं मागे घेतलं."

मी ते तीनदा वाचलं. "काकू, तो पट उंचवट्यावरून उतरून आत गेला, असंच तर बहुतेक जण सांगतात! होल दोन पावलं पुढे असतं तर..."

"तर घरंगळत खाली गेला असता. माहितीय मला. चहा घेणार?"

शनिवारी काकू वही पिशवीत घालून समितीपुढे बसल्या. या वेळी मी फक्त भाषांतर करायचं असं ठरलं होतं. वाचून झालं तेव्हा अध्यक्षांच्या मिशा चक्क थरथरत होत्या. "अद्भुत! आपण लिहू, अधिकाऱ्यांनी होल दोन पावलं मागे घेण्याचा निर्णय घेतला."

मी भाषांतर केलं. काकूंनी वही मिटली आणि पिशवीत परत ठेवली.

"सांग त्यांना, मी म्हटलं असं लिहिलंय. तसंच्या तसं लावणार असतील, खाली माझं नाव आणि त्या दिवशी माझ्याबरोबर गवतावर असलेल्या आठही जणांची नावं घालणार असतील, तर वही देते. नाहीतर माझ्या नातीला दाखवीन, ती खूश होईल."

आयुष्यात इतकं चोख भाषांतर मी कधी केलं नाही. एक शब्द गाळला नाही, नातीसकट. मग अध्यक्ष माझ्याकडे न बघता थेट काकूंकडे बघून म्हणाले, "आठ जणांची नावं द्याल मला? नीट, स्पेलिंगसकट."

रविवारी पहाटे काकूंनी शेवटचं होल कापलं. दुपारी भिंतीवर त्या पानाचा मोठा फोटो होता, खाली इंग्रजी, खाली नऊ नावं. लोक थांबत होते, वाचत होते, फोनवर फोटो काढत होते. एक बाप पोरीला बोट लावून ओळी दाखवत होता. माझी छाती फुगली होती, लपवत नाही. जिंकलो होतो, आणि पत्रकामुळे तर मुळीच नाही.

म्हातारा विजेता काठी टेकत आला. पान वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग विचारलं, "या बाई कुठेत?"

काकू कामाच्या बुटांतच पुढे झाल्या. त्याने त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला. "म्हणजे ती स्पर्धा मी तुमच्यामुळे जिंकलो."

"हो," काकू साध्या इंग्रजीत म्हणाल्या. "आणि तुमच्याबरोबर खेळणारा तो दुसरा हरला. त्याचं मला फार वाईट वाटलं होतं."

आख्खं क्लबहाउस हसलं, म्हातारा विजेता सगळ्यात जास्त.