सरांच्या बाजूचं बोलणं

ढोले सर गेल्याचं काकूंनी फोनवर तीन शब्दांत सांगितलं आणि फोन ठेवून दिला. मीही रडले नाही, मला आर्वीची एसटी गाठायची होती. तेरावं झाल्याच्या दुसऱ्या दिवशी मात्र त्यांचा फोन आला तो चांगला पाव तास चालला, आणि तेव्हा त्या हमसून हमसून रडल्या. "शोभा, कम्प्युटर सुरू होऊन नाई राह्यला वो... बटन दाबलं का नुसतं घुं घुं करते. त्याइचं सारं बोलणं त्याच्यात हाये." मी ऑफिसात होते, समोर माणसं उभी होती. "काकू, कोणाला हात लावू देऊ नका. रविवारी येते," एवढंच म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या बाईंना वाटलं, कोणीतरी दवाखान्यात आहे.

सर म्हणजे माझे टायपिंगचे सर. आर्वीला बाजाराच्या रस्त्यावर, सरकीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची इन्स्टिट्यूट होती. एकोणीस वर्षांची असताना मी गावाहून पहिल्या गाडीनं तिथे यायची. मराठी टाइपरायटरवर अक्षरं काही क, ख, ग अशी ओळीनं बसलेली नसतात. क एकीकडे, ख तिसरीकडे, आणि काना-वेलांट्या मधेच घुसलेल्या. सर पहिल्याच दिवशी आमच्या हातांवर फडकं टाकायचे आणि म्हणायचे, "बोटाले डोळे येऊ द्या." फडक्याखाली डोकावणाऱ्याच्या टाळक्यात पट्टी बसे, मग तो तहसीलदाराचा मुलगा का असेना. त्यांची एक ठरलेली गंमत होती. पवनार हा शब्द मराठी मशीनवर अख्खा उजव्या हातानं लिहिता येतो, डावा हात उचलावाच लागत नाही. काकूंचं माहेर पवनारचं, धाम नदीकाठी वांगी-मेथी पिकवणारं घर. प्रत्येक नव्या बॅचला सर सांगायचे, "पवनार लिहाले एक हात पुरते, तिथची बायको सांभाळाले दोन्ही नाई पुरत." आतल्या खोलीतून काकूंचा आवाज यायचाच, "मंग तिसरा पाहा कोठी भेटते तं!"

पहिल्या परीक्षेत मी नापास झाले. जिन्यात बसून रडत होते तर सर वर जाता जाता थांबले. "नापास बोटं झाली ना? मंग तू काऊन रडून राह्यली?" असं म्हणून निघून गेले, आणि दुसऱ्या दिवसापासून मला रोज अर्धा तास जास्त बसवलं. पुढच्या खेपेला पास झाले, त्याच जोरावर वर्ध्याला लिपिक म्हणून लागले आणि लग्न होऊन सिंदी मेघेला राहायला आले. मशीन अडलं की आम्ही मुली ताबडतोब स्क्रू काढायला धावायचो, तेव्हा सर ओरडायचे, "पह्यले सोप्पं पाह्य! माणूस सोप्पं पाहतच नाई, डायरेक्ट मशीन खोलते." दहातल्या आठ वेळा रिबीन नीट बसलेली नसायची, आणि सर विजयी मुद्रेनं आमच्याकडे बघत राहायचे.

मग टाइपरायटर गेले, इन्स्टिट्यूट बंद झाली, आणि सरांनी घरच्या पुढच्या खोलीत एक कम्प्युटर मांडला. त्याच्या कीबोर्डवर अक्षरं इंग्रजी, पण सरांची बोटं जुन्या मराठी मशीनच्याच जागांवर पडायची, आणि तसा फॉन्ट घातला की पडद्यावर मराठी उमटायचं. हे सगळं हौस म्हणूनच चाललं असतं. पण सुपारीच्या खांडालाही न शिवलेल्या या माणसाला घशाचा कॅन्सर झाला, आणि ऑपरेशनमध्ये आवाजाची पेटीच काढावी लागली. दवाखान्यात भेटायला गेले तेव्हा सर डोळे मिटून पडले होते आणि उजव्या हाताची बोटं चादरीवर हलत होती. काकू म्हणाल्या, सकाळपासून हात थरथरून राह्यला. मी बघत राहिले... मधलं बोट वर गेलं, परत जागेवर आलं, मग करंगळी. पुन्हा तेच. मधलं, मधलं, करंगळी. प, काना, य. "काकू, पाय म्हणताहेत!" आम्ही चादर उचलली तर त्यांचा पाय पलंगाच्या दांडीत दाबून पार सुन्न झालेला. पाय सोडवला तेव्हा सरांनी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत परीक्षेतला एकही पेपर मी इतका बरोबर सोडवला नव्हता.

त्यानंतरची चार वर्षं सर त्या कम्प्युटरवर बोलले. पाटीवर लिहून बघा म्हटलं, तर त्यांचं हातचं अक्षर असं की वाचायला मेडिकलवाला बोलवावा लागे. म्हणून ते टाइप करत आणि काकू स्वयंपाकघराच्या दारातून वाचून तोंडानं उत्तर देत. हाक मारायची झाली की सर स्पेसबार दोनदा खाडखाड आपटत. चिडले की अक्षरं मोठी करत, आणि काकू आतूनच ओरडत, "वरडू नका, आयकू येते मले!" पलीकडच्या घरी नवे भाडेकरू आले, त्यांना महिनाभर वाटलं की या बाई एकट्याच भांडत असतात. लिहिलेलं सर कधी पुसत नसत, ओळ झाली की लगेच सेव्ह करत. मी एकदा म्हटलं, सर, फाइल केवढी मोठी झाली, जुनं काढून टाकू का? त्यांनी लिहिलं, "बोललेलं वापस घेता येते काय?"

या उन्हाळ्यात छातीत कफ भरला. दवाखान्यात नेलं आणि दोन दिवसांत सर गेले. तेराव्याला पाहुण्यांसाठी पुढची खोली रिकामी करायची म्हणून कोणीतरी सरांनी सोडला तेव्हापासून चालूच असलेला कम्प्युटर वायरी ओढून काढला आणि गाद्यांच्या खोलीत ढकलला. कोणी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तोंडून काहीतरी वेडंवाकडं गेलं असतं.

पहिल्या रविवारी गेले ती पिशवीत स्क्रूड्रायव्हर आणि मुलीच्या कंपासमधला खोडरबर घेऊनच. कम्प्युटर पुन्हा त्याच्या टेबलावर मांडला. सोपं आधी. विजेचा बोर्ड बघितला, यूपीएस काढून थेट भिंतीतून वीज दिली, वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. पंखा फिरायचा, तीनदा टीं-टीं व्हायचं आणि पडदा काळाच. तेव्हा कुठे पेटी उघडली. आत एवढी धूळ होती की काकूंनी पदर कमरेला खोचून फडकं आणलं, आणि मी ते कसंबसं त्यांच्या हातातून काढून घेतलं. रॅमची पट्टी काढून तिचे पिवळे दात खोडरबरनं घासले, खटकन आवाज येईपर्यंत पुन्हा दाबून बसवली. टीं-टीं थांबलं. पडदा उजळला आणि काकूंनी देवासमोर साखर ठेवली. पण पडद्यावर नुसते ठिपके गोल फिरत राहिले, दुरुस्तीची तयारी चालू आहे असं लिहून आलं, मग बंद, मग पुन्हा तेच. सात वेळा मोजलं. देवानं साखर मुंग्यांना दिली आणि मी शेवटच्या गाडीनं परत आले.

दुसऱ्या रविवारी मी गावातल्या एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. मध्यम वयाचा, सभ्य माणूस. त्यानं खटपट केली आणि म्हणाला, "मॅडम, फॉरमॅट मारून टाका. एकदम नवीन होऊन जाईन." काकू दारात उभ्या होत्या. "नवीन कायले? मले जुनाच पाह्यजे." मग तो म्हणाला, पेटी इथेच राहू द्या, फक्त आतली डिस्क काढून नागपूरला पाठवतो, तिथे माहिती निघते. खरं सांगायचं तर हा सल्ला काही चुकीचा नव्हता, मीही मान हलवली होती. पण काकू पुढे आल्या आणि पेटीवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एकदा घराभाईर पाठवले, वापस नाई आले. आता काई भाईर जाणार नाई." तो बिचारा चहा पिऊन गेला. मला काकूंचा राग आला होता. तो घेऊनच मी घरी आले आणि आठवडाभर ऑफिसातून आल्यावर याच एका दुखण्यावर जे मिळेल ते वाचत बसले. मनात एकच धरलं, काकूंना मी नाही म्हणणार नाही. कम्प्युटरनं म्हणायचं असेल तर म्हणावं.

तिसऱ्या रविवारी दुरुस्तीच्या पडद्यावर न घाबरता पुढे पुढे शिरत गेले. पहिला उपाय फसला. दुसरा अर्धा तास चालून फसला. मग एका यादीत सेफ मोड सापडला, म्हणजे फक्त गरजेपुरतं घेऊन कम्प्युटर उठवायचा. चार आकडा दाबला. पेटी घुमली, अडखळली... आणि सरांचं नाव पडद्यावर आलं. खाली पासवर्डची रिकामी चौकट. तो तर रोज सरच टाकायचे. काकू म्हणाल्या, "मी इच्यारलं होतं एकडाव. माह्या माहेराचं नाव हाये म्हणून लिहिलं होतं." मग काय, सोपंच! मी इंग्रजीत पवनार लिहिलं. चूक. व्ही घालून, डब्ल्यू घालून, पहिलं अक्षर मोठं करून, सगळी मोठी करून... चूक, चूक, चूक. शेवटी कम्प्युटरनंच सांगितलं की थांबा, थोड्या वेळानं या. काकू भाकरी थापायला गेल्या. त्या थापण्याच्या आवाजात काय होतं ते मला कळत होतं. मी रिकामी बसून होते, आणि माझ्याही नकळत उजवा हात टेबलाच्या कडेवर पवनार लिहीत होता. मराठी पवनार. मी ताडकन ताठ झाले. सर कशाला इंग्रजी स्पेलिंगचा विचार करतील? त्यांनी पवनार म्हटलं की बोटं मराठी मशीनवरच जाणार! कीबोर्डकडे न बघता, डावा हात मांडीवर ठेवून मी लिहिलं. मधलं बोट, अनामिका, पहिलं बोट, पुन्हा मधलं, पुन्हा पहिलं. इंग्रजीत वाचाल तर आय, ओ, यू, के, जे, म्हणजे कशालाच काही अर्थ नाही. चौकट नाहीशी झाली आणि सरांचा कम्प्युटर उघडला. मी एवढ्या मोठ्यानं ओरडले की काकू पिठाच्या हातानं धावत आल्या.

आधी फाइलची नक्कल पेन ड्राइव्हवर घेतली, एक नाही, दोन. मगच ती उघडली. वरपासून खालपर्यंत सरांच्या बाजूचं बोलणं. "चहात आलं नाई." "कोण आलतं?" "हे तू मागल्या मंगळवारी बी म्हटलं होतं." "पवनारची माणसं हेकडच." "बरं, माह्यंच चुकलं." मधे काहीच नाही, काकूंचं बोलणं तर हवेत गेलेलं. मी वाचत होते आणि काकू प्रत्येक ओळीनंतर आपण काय म्हणालो होतो ते सांगत होत्या. हसत होत्या, मधेच डोळे पुसत होत्या, पीठ गालाला लागत होतं. सगळ्यात खालची ओळ दवाखान्यात निघायच्या सकाळची होती, काकू आत पिशवी भरत होत्या तेव्हाची. त्यांनी ती पाहिलीच नव्हती. "दूध झाकलं काय?"

काकूंनी पिठाचे हात पदराला पुसले. मग म्हणाल्या, "लिही." मी विचारलं, काय? "खाली लिही. नाई झाकलं. मांजर पिऊन गेली. आता वरडू नका." मी लिहिलं. सरांच्याच अक्षरात, सरांनीच शिकवलेल्या बोटांनी. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि म्हणाल्या, "पुढच्या रविवारी येजो. वरून सुरू करू. लय ठिकाणी मी तोंड फुगवून बसली होती, उत्तर देलंच नाई."

तेव्हापासून दर रविवारी मी आर्वीला जाते. त्या सांगतात, मी सरांच्या ओळींखाली टाइप करते. फाइलमधलं ऑपरेशननंतरचं पहिलं वर्ष संपत आलं आहे. परवा एका ओळीवर मी वाचताना थांबले. "मी नसल्यावर तू काय करशीन?" त्या दिवशी, काकूंनी आता सांगितलं, त्यांनी पडद्याचं बटणच बंद करून टाकलं होतं आणि दोन दिवस बोलल्या नव्हत्या. मी म्हटलं, हे सोडून पुढे जाऊ या. काकू उठल्या, माळ्यावरून इन्स्टिट्यूटमधला जुना अक्षरांच्या जागांचा तक्ता काढला, धूळ झटकून कीबोर्डला टेकवून उभा केला आणि मला म्हणाल्या, "सरक. हे तुले नाई सांगाचं." मी स्वयंपाकघराच्या दारात जाऊन पाठमोरी उभी राहिले. एका बोटानं, एक एक अक्षर शोधत त्या लिहीत होत्या. एक आवाज, मग कितीतरी वेळ काहीच नाही, मग दुसरा. अर्धा तास गेला असेल. "शोभा, ठेवून घ्याचं तं काय दाबतेत वो?" मी दारातूनच सांगितलं, कोणती दोन बटणं ते. वळून पाहिलं नाही.