जाऊबाईंच्या घरातला कॅमेरा

आमच्या घरात आजवर जे काही आलं, मग ती सून असो, मांजर असो, द्राक्षांची पेटी असो की इंटरनेट, ते माझ्या मोठ्या जाऊबाईंनी तपासल्याशिवाय उंबरा ओलांडून आलेलं नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा माप ओलांडायच्या आधी त्यांनी माझ्या कानाशी वाकून विचारलं होतं, "तुझ्या मर्जीनं येते आहेस ना?" मागे वाजंत्री वाजत होती, पाहुणे खोळंबले होते. मी मान हलवली. "तोंडानं सांग," त्या म्हणाल्या. मी हो म्हणाले, तेव्हा त्या बाजूला झाल्या. असं मला तोवर कोणी विचारलं नव्हतं, माझ्या आईवडिलांनीसुद्धा नाही.

त्यांचं माहेर सटाण्याकडचं आणि नोकरी नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यात. तिथे आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. बायकांच्या झडतीला बायकाच असत, पण झडती ती झडतीच. सगळा जन्म असा गेल्यामुळे जाऊबाईंना सवय जडली होती, कुठल्याही दारापाशी आल्या की आपोआप पर्स उघडून समोर धरायच्या. त्र्यंबकेश्वरला देवळाच्या दारात धरली, लग्नाच्या हॉलवर धरली, एकदा दवाखान्यात तर डॉक्टरांसमोरच धरली. डॉक्टरांनी आत डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे." दुसरीकडे, त्यांच्या स्वतःच्या दारात येणाऱ्या प्रत्येकाला त्या काम विचारत. दिंडोरीहून दरवर्षी द्राक्षं घेऊन येणारा त्यांचा सख्खा भाचासुद्धा "मावशी, मी आहे, द्राक्षं आहेत, जेवून जाणार आहे," असं एका दमात सांगूनच चप्पल काढायचा.

अशा घरात दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला कॉम्प्युटर आला. जेलरोडला आमचं दुमजली घर, खाली त्या आणि भाऊजी, वर आम्ही. त्यांचा जयंत अमेरिकेत गेला होता आणि त्याचं तोंड दिसावं म्हणून खालच्या कॉम्प्युटरवर वेबकॅम बसवायचं ठरलं. वरती माझ्या मुक्ताच्या कॉलेजसाठी आधीच एक होता. एकाच इंटरनेटवर दोन्ही चालावेत म्हणून दुकानातला माणूस खिडकीतून वायर खाली सोडू लागला. चांगला पस्तिशीचा, गोड बोलणारा माणूस. आमच्या गल्लीतल्या बहुतेक घरांना त्यानेच कॉम्प्युटर आणि वेबकॅम बसवून दिले होते.

"ही वायर वरून खाली येते का खालून वर जाते?" जाऊबाईंनी विचारलं.

"दोन्हीकडून जाता येतं, काकू."

"मग दोन्हीकडे दार पाहिजे."

तो हसला. जाऊबाई हसल्या नाहीत. दोन्ही कॉम्प्युटरवर येणाऱ्याजाणाऱ्याची परवानगी विचारणारा प्रोग्रॅम बसवल्याशिवाय त्यांनी त्याला चहा दिला नाही.

पुढे कॉम्प्युटर मधेमधे काहीबाही विचारू लागला. अमुक प्रोग्रॅमला इंटरनेटवर जायचंय, जाऊ द्यायचं का? तमुकला कॅमेरा वापरायचाय, वापरू द्यायचा का? आम्ही वर न वाचता "हो" दाबत होतो. जाऊबाई चष्मा लावून एकेक शब्द वाचत आणि "नाही" दाबत. प्रिंटरला नाही म्हटल्यामुळे महिनाभर कागद निघाला नाही. व्हायरस पकडणाऱ्या प्रोग्रॅमलाही त्यांनी बाहेर उभं ठेवलं. मुक्ता म्हणाली, "मोठी आई, तो तर आपला राखणदार आहे." तर म्हणाल्या, "मग त्याची चौकशी सगळ्यात आधी व्हायला हवी." दोन दिवस त्याची माहिती काढली आणि मग त्याला कामावर घेतलं. खुद्द जयंतचा फोटो आला तरी तो उघडण्याआधी त्या अमेरिकेला फोन लावून विचारत, "हा तूच पाठवलास का?"

आणि वेबकॅमसाठी त्यांनी पिवळ्या लोकरीची टोपी विणली. क्रोशाची, वर गोंडा. रविवारी जयंतशी बोलायच्या वेळी टोपी काढायची, बोलणं झालं की घालायची. पाहुण्यांमध्ये त्या टोपीचं फार कौतुक होई. भाऊजी म्हणत, "माझा स्वेटर विणायला हिला सवड नाही, आणि त्याचं बघा."

त्या दुपारी मी खाली ताक न्यायला गेले होते. भाऊजी रेडिओ ऐकत होते, मुक्ता पलंगावर वही पसरून अभ्यास करत होती. जाऊबाई खोलीच्या मध्यावर उभ्या होत्या आणि टोपीकडे बघत होत्या. टोपीच्या विणीतून हिरवा उजेड येत होता. कॅमेऱ्याचा दिवा लागला होता. जयंतचा फोन नव्हता, कोणी काही उघडलेलं नव्हतं.

"कोन शे?" कोण आहे, म्हणून जाऊबाईंनी त्या कॅमेऱ्याला विचारलं. फार संतापल्या की त्यांच्या तोंडी माहेरची अहिराणी येई. मग शांतपणे खाली वाकून त्यांनी इंटरनेटची वायर उपटली. दिवा विझला.

मुक्ताने सगळा कॉम्प्युटर धुंडाळला, तेव्हा एक प्रोग्रॅम सापडला. लांबून दुरुस्ती करता यावी म्हणून बसवणाऱ्यानेच तो घातला होता आणि "नेहमी परवानगी" असं स्वतःच देऊन ठेवलं होतं. त्यामुळे तो कधी काही विचारतच नव्हता. आमच्या वरच्या कॉम्प्युटरवरही तो होता. वर कॅमेरा नव्हता एवढंच आमचं नशीब. खाली होता, पण त्या माणसाला बहुतेक वेळ पिवळी लोकर दिसली असणार. जाऊबाई मात्र स्वतःच्या घराचा विचार करतच नव्हत्या. त्या खिडकीतून गल्लीकडे बघत होत्या.

"बाकीच्यांनी टोपी घातलेली नाही," त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या लोणच्याची वाटी घेऊन घरोघर जाऊ लागल्या. पुरुष घरात नसतील अशा वेळी जायच्या, बायकांशी स्वयंपाकघरात बसून बोलायच्या आणि निघताना एकच वाक्य सांगायच्या, "पोरीला काही बोलायचं नाही, तिची काही चूक नाही." मला त्यांच्याकडून एवढंच कळलं की गल्लीतल्या एका घरातली मुलगी बऱ्याच दिवसांपासून कॉलेजला जात नव्हती. अशक्तपणा आहे असं घरचे सांगत. तिच्या आईला ती वाटी हातात धरवेना. तो माणूस त्या मुलीला फोन करत होता. तिच्या खोलीतलं त्याने पाहिलं होतं, आणि पाहिलंय हे तिला ऐकवत होता.

ती मुलगी कोणाच्या घरातली, हे जाऊबाईंनी मला सांगितलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तू विचारलंस, ठीक आहे. पण सांगायची परवानगी मला तिनं दिलेली नाही."

मग त्यांनी त्या माणसाला कॉम्प्युटर बिघडलाय म्हणून बोलावलं. तो आल्यावर त्याला खालच्या खोलीत खुर्चीवर बसवलं, चहा ठेवला, कॅमेऱ्याची टोपी काढली आणि "आलेच" म्हणून त्या वर आल्या. मुक्ताने घरातल्या घरात वायरीवरून खालचं चित्र वरच्या पडद्यावर आणून ठेवलं होतं. जाऊबाई पडद्यासमोर बसल्या आणि त्याच्याकडे नुसतं बघू लागल्या. आधी तो चहा प्यायला. मग नाक खाजवलं, केस सारखे केले, घड्याळ पाहिलं. मग त्याला तो हिरवा दिवा दिसला. खुर्ची थोडी डावीकडे सरकवली, थोडी उजवीकडे. उठून दारापर्यंत गेला, तर ओट्यावर भाऊजी आणि शेजारचे दोघे गप्पा मारत बसलेले. परत येऊन बसला आणि त्याने तोंडासमोर हात धरला. मला वाटलं जाऊबाईंना हे बघून समाधान वाटत असेल. पण त्या म्हणाल्या, "बघवत नाही गं. लोकांना हे आवडतं तरी कसं?" आणि उठून खाली गेल्या.

"कसं वाटलं?" त्यांनी त्याला विचारलं. "चला, चौकीत जाऊ."

चौकीत तक्रार कोणाच्या नावाने, हा प्रश्न आला. कुठल्याही घरचे पुढे येणार नव्हते. जाऊबाई म्हणाल्या, "माझ्या. कॅमेरा माझ्या घरातला. मला पाहिलं." टेबलामागचा हवालदार त्यांच्याकडे पाहून हसू दाबायला लागला. साठीला टेकलेली बाई, पिकलेले केस, कडक इस्त्रीची साडी. "तुम्हाला, आजी?" तो म्हणाला.

"मला. माझं वय लिहा. मला विचारल्याशिवाय पाहिलं असं लिहा." त्यांचा आवाज जराही चढला नव्हता. मी शेजारी उभी होते आणि मला त्यांच्याकडे बघवेना, इतक्या त्या मोठ्या दिसत होत्या. हवालदाराने लिहिलं. त्या माणसाच्या दुकानातला कॉम्प्युटर जप्त करून आणला, तेव्हा आतलं बघायला बाईच अधिकारी पाहिजे म्हणून त्या बाकावर बसून राहिल्या. पर्स मांडीवर उघडी. संध्याकाळी नाशिकहून एक महिला अधिकारी आल्या, तेव्हाच त्या हलल्या. गल्लीत पुढे महिनाभर लोक हसले, या वयात यांना कोण बघतंय म्हणून. त्यांनी एकालाही उत्तर दिलं नाही. त्या माणसावर खटला झाला, त्याचं दुकान बंद पडलं, आणि एकाही मुलीचं नाव कुठे आलं नाही. काही दिवसांनी जाऊबाई रोज सकाळी भाजीच्या निमित्ताने, कॉलेजच्या बसच्या वेळेला, बसस्टॉपपर्यंत जाऊ लागल्या. सोबत कोण असतं ते मी कधी गॅलरीत जाऊन पाहिलं नाही.

पुढे भाऊजी गेले. वर्ष सरल्यावर जयंत आईला अमेरिकेला घेऊन गेला. आता आम्ही नाशिकला आणि त्या पडद्यावर. पहिल्या रविवारी त्या अगदी ताठ बसल्या होत्या, साडीवर स्वेटर, केस चापून बसवलेले. खिडकीबाहेर बर्फ होतं. "मजेत आहे मी," म्हणाल्या. "इथे दार वाजवायला कोणी येतच नाही, त्यामुळे काही काम नाही." मग भाच्याची द्राक्षं यंदा कशी आहेत ते विचारलं, मुक्ताच्या नोकरीचं विचारलं आणि "ठेवते" म्हणून त्यांनी बटण दाबलं. पण ते नीट दाबलं गेलं नव्हतं. चित्र तसंच राहिलं.

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग अंबाडा सोडला. पातळ झालेले केस खांद्यावर आले. दोन्ही तळहातांत तोंड घेऊन त्या बसून राहिल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रिकाम्या हातांनी बसलेलं पाहिलं नव्हतं.

हाक मारली असती तर त्यांना ऐकू गेली असती. पण मग मी पाहिलं हेही त्यांना कळलं असतं. मी आवाज न करता माझ्याकडून ते चित्र बंद केलं.