डीप फ्रीजरमधला प्रसाद

आमच्या नातेवाइकांना वाटतं की मी लस शोधते. मी लस शोधत नाही. नुसती लस टोचली तर शरीर पुष्कळदा ढिम्म हलत नाही. त्याला खडबडून जागं करायला लशीत एक रसायन मिसळावं लागतं. ते रसायन जास्त चांगलं कसं होईल, हे मी पाहते. आईनं यावर विचार करून सांगितलं, "म्हणजे तू फोडणी घालतेस." एवढं शिकून मी अखेर स्वयंपाकघरातच पोचले, याचं तिला समाधान वाटलं असावं.

माझा एक नवा रेणू तयार होता. अॅल्युमिनियमच्या क्षारावर बसवलेला, दिसायला पातळ दुधासारखा. दसरा झाला की तो लशीत घालून उंदरांना टोचायचा होता. निकाल चांगला आला तर माझी नोकरी वर्षअखेरीनंतरही चालू राहणार होती, नाहीतर रेणू आणि मी, दोघंही रस्त्यावर.

आमचे साहेब तेलुगू. त्यांची विज्ञानावर गाढ श्रद्धा, आणि बाकी सगळ्यावरही. खंडेनवमीला प्रयोगशाळेतल्या यंत्रांना सुट्टी असते. सेंट्रिफ्यूजला झेंडूचा हार, सूक्ष्मदर्शकाला हळदकुंकू, आणि दारात कोहळा फोडायचा. त्या वर्षी साहेबांनी माझ्या रेणूची बाटलीही देवीच्या पायाशी ठेवली. मी नाक मुरडलं आणि प्रसादाचा पुलिहोरा, म्हणजे चिंचेचा भात, खायला गेले.

पूजा आटोपल्यावर त्यांनी ती बाटली दोन्ही हातांनी उचलून भक्तिभावानं डीप फ्रीजरमध्ये ठेवली. जन्मभर प्रथिनं गोठवून सांभाळलेला माणूस. मोलाची वस्तू दिसली की हात आपोआप तिकडेच जातो. पण अॅल्युमिनियमचं हे मिश्रण एकदा गोठलं की त्याच्या गुठळ्या होतात, आणि मग ते कामातून जातं. लेबलवर 'गोठवू नये' असं ठळक लिहिलं होतं. साहेबांनी कुंकवाचं बोट नेमकं त्यावरच टेकवलं होतं.

दसऱ्यानंतर हे उघडकीला आलं, तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "देवी के पैरों के पास रखी चीज, कैसी खराब होती अम्मा?" वितळवून टोचा, असा हुकूम सुटला. तसं केलं असतं तर उंदीर ढिम्मच राहिले असते आणि रेणूच्या कपाळी 'निरुपयोगी' असा शिक्का बसला असता. मी सगळ्यांदेखत नाही म्हणाले. त्याच मिश्रणातलं थोडं साध्या फ्रीजमध्ये उरलं होतं. दोन्ही बाटल्या हलवून त्यांच्या टेबलावर ठेवल्या. थोड्या वेळानं एक दुधासारखीच होती. दुसरीत गाळ तळाशी बसून वर निवळ पाणी आलं होतं. साहेबांनी दोन्ही बाटल्या उजेडात धरून पाहिल्या आणि उठून गेले.

आढावा बैठकीला बाहेरून बडी मंडळी आली होती. साहेब काय सांगणार, हे मला ठाऊक होतं: मुलगी नवखी, माल बिघडवला. वरिष्ठांची रीतच असते ती. म्हणून तारनाक्याच्या घरून रिक्षानं येताना मी एक जहाल भाषण पाठ केलं होतं. त्यात देवी, फ्रीजर, साहेब, कोणालाच सोडलं नव्हतं.

साहेब उभे राहिले. घसा खाकरून म्हणाले, "रेणू चांगला आहे. माल मी खराब केला, माझ्या हातानं. तिला पुन्हा करायला वेळ द्या."

वेळ मिळाला. माझं पाठ केलेलं भाषण वाया गेलं. ज्या माणसाला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या होत्या, त्याच्यासाठीच डोळे भरून आले, आणि त्या रडण्याचाही मला भयंकर राग आला.