तळ्यातला मांगूर

लग्न होऊन नागावला आले तेव्हापासून दर उन्हाळ्यात माहेरचा जिताडा मासा माझ्या घरी येतो. आमच्या खाडीकाठच्या खारेपाटात घरामागे तळं असतंच. पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटाएवढी पिल्लं आणायची, तळ्यात सोडायची आणि तो मोठा होईपर्यंत धीर धरायचा. आमच्या घरी तो कधी विकला नाही. तळ्यातला पहिला जिताडा लेकीच्या सासरी जायचा. बाबा तो ओल्या गोणपाटात गुंडाळून स्वतः आणत आणि आमच्या पडवीत अशा ऐटीत बसत की माझ्या सासूबाईंनाही हसू आवरत नसे.

बाबा गेले आणि दादाने कागद पुढे केला. शेतीतला हिस्सा सोडते म्हणून सही करायची होती. आमच्याकडे बहिणी सही करतात. न करणाऱ्या बहिणीला माहेर उरत नाही, फक्त तसं कोणी बोलून दाखवत नाही. मीही कुरकुर केली नाही. एवढंच म्हटलं, "दादा, तळं बाबांनी ठेवलंय तसंच ठेव." तो म्हणाला, "बाय, तुझी शपथ." माझी शपथ घेतली त्याने, स्वतःची नाही, हे आता लक्षात येतं.

जिताडा त्यानंतरही येत राहिला, पण थर्माकोलच्या खोक्यात, बर्फ घालून. "उन्हं लय वाढली," दादा फोनवर सांगे. मासा चवीला फिका लागे. मी नवऱ्याला म्हणे, आपलीच जीभ म्हातारी झाली. सख्ख्या भावावर संशय घेण्यापेक्षा जिभेला नावं ठेवणं सोपं होतं.

यंदा बऱ्याच वर्षांनी गौरीला माहेरी गेले. मागल्या दारी पाय ठेवला आणि नाकाला पदर लावावा लागला. तळ्यावर कोंबड्यांची पिसं आणि आतडी तरंगत होती. पावसाची रिपरिप चालू होती, तरी एकही बेडूक ओरडत नव्हता. काठच्या गवतात पूर्वी दरवर्षी पाणकोंबडी पिल्लं घेऊन हिंडायची, तिचाही पत्ता नव्हता. पडवीत बाबांचा पाग खुंटीला होता. हे जाळं फेकायला त्यांनीच मला शिकवलेलं. मी पदर खोचला आणि पाग टाकला.

वर आले ते काळे, मिशाळ, मनगटाएवढे जाड मासे. तळ्यातली नेहमीची शिंगटी नाही, मळ्या नाही, डाकू मासा नाही, नुसते तेच. त्याला थाई मांगूर म्हणतात, पण मूळचा तो आफ्रिकेतला. बंदी आहे, तरी लोक चोरून पाळतात, कारण काहीही खाऊन तो भराभर वाढतो. आपला गावठी मांगूरसुद्धा त्याच्यापुढे टिकत नाही.

दादा धावत आला. मी विचारलं, "जिताडे कुठे आहेत?"

"न्हाय ऱ्हायले."

"मग मला पाठवत होतास ते?"

"बाजारातनं आनत होतो. तुला वाईट वाटाया नको म्हनून."

मला थोबाडीत बसल्यासारखं झालं. बाजारातला मासा मी इतके उन्हाळे बाबांची आठवण काढून, डोळे पुसत खाल्ला होता. आणि हा वर माझ्यावर उपकार केल्यासारखा बोलत होता.

मग त्याने उरलेलंही सांगितलं. कुठल्या तरी व्यापाऱ्याने मांगुराची पिल्लं आणून दिली, हॉटेलांना माल हवा होता. मांगुराने तळ्यातले जिताडे फस्त केले तेव्हा दादा घाबरला आणि आमच्यातल्या कोणीही केलं असतं तेच त्याने केलं. उधाणाच्या भरतीला बांधाची उघाडी, म्हणजे पाणी आत घ्यायची झडप, वर उचलली आणि खाडीचं पाणी तळ्यात घेतलं. खारं पाणी तण मारतं, कीड मारतं, मग गोड्या पाण्यातला मासा काय टिकणार? खारेपाटात जन्मलेल्या माणसाचा खाऱ्या पाण्यावर देवाइतका विश्वास असतो. पण हा मासा ओल्या जमिनीवरून सरपटत जातो. पाणी अंगाला लागताच मांगूर बांध चढले, शेजारच्या भातात उतरले आणि तिथून पुढच्या तळ्यांत गेले. पाऊस पडून आमचं पाणी पुन्हा गोडं झालं, तसे मागे राहिलेलेही माजले.

"गावात सांगितलाय, खाडीतनं आला म्हनून," दादा हळू आवाजात म्हणाला. "तुला कुनी इचारलं तर तू पन तेच सांग. तुझ्यावर लोकांचा इस्वास हाय."

तेवढ्यात पलीकडच्या तळ्याची काकी बादली घेऊन बांधावरून आली. तिची नात नुकतीच सासरी गेली आहे. तळ्यातला मोठा जिताडा तिच्यासाठी राखून ठेवलाय, हे काकीने मला आल्याआल्याच सांगितलं होतं. तिने बादली माझ्या पायाशी ठेवली. आत एक मांगूर पोट फाडून ठेवलेला होता आणि त्याच्या पोटात जिताड्याची पिल्लं होती, अजून ओळखू येत होती.

"मोठा बी कुठं दिसत न्हाय," ती म्हणाली. "बाय, तू शिकलेली हायेस. खाडीतनं येतो का गं ह्यो?"

दादाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत भाऊ होता, हे मी नाकारत नाही. पण मला माझीच शपथ आठवली आणि संताप आला.

"नाही काकी. आमच्या तळ्यातून आला. दादाने सोडला."

दादा पाठ फिरवून घरात गेला. काकी ओरडेल, आमचा उद्धार करेल असं मला वाटलं, खरं तर तेच हवं होतं. तिने बादली उचलली आणि म्हणाली, "माझा घरवाला गेला त्या वर्साला तुझ्या बापानं माझं तळं भरून दिलेलं. तो मोठा त्याच्याच पिल्लांतला." आणि ती बांधावरून सावकाश परत गेली.

संध्याकाळी मी पिशवी घेऊन निघाले. गौरीला आलेल्या लेकीची ओटी भरल्याशिवाय तिला उंबऱ्याबाहेर जाऊ देत नाहीत. मी दारात बराच वेळ उभी राहिले. वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली नाही. मागल्या दारी दादा कोंबड्यांची घाण तळ्यात ओतत होता आणि मासे तिच्यावर तुटून पडल्याचा आवाज पुढच्या दारापर्यंत येत होता.