एक जात की दोन

संग्रहालयात त्यांना सगळे भिंगबाई म्हणत. गळ्यात काळ्या दोरीला एक छोटं भिंग कायम लटकलेलं, आणि घरी गेल्यावरही ते काढायचं भान राहायचं नाही. जेवताना वाकल्या की ते थेट वाटीत बुडायचं.

त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. एका भिंतीला छतापर्यंत लाकडी खण, खिडकीखाली टेबल, टेबलावर मायक्रोस्कोप, आणि डांबरगोळ्यांचा असा वास की भेटायला आलेला माणूस मुद्द्याचं बोलून लगेच उठे. भिंगबाईंना ते बरंच होतं. खणांमध्ये त्यांचे भुंगेरे ओळीनं मांडलेले. इतर भुंगेऱ्यांच्या पाठीवर टणक पंखांचं पूर्ण झाकण असतं. यांचं मात्र तोकडी बंडी घातल्यासारखं अर्ध्यातच संपतं आणि उरलेलं पोट उघडंच. डिवचलं तर विंचवासारखा मागचा भाग वर उचलतात. नुसता आव, नांगी नाहीच. आकारानं तिळाएवढे, रंगानं काळे-तपकिरी, एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं असे. त्यातला कोण कुठल्या जातीचा हे सांगणं हा भिंगबाईंचा पेशा.

लग्न होऊन आल्या तेव्हा सासूबाईंनी सहज विचारलं होतं, तू दिवसभर तिथं बघतेस तरी काय. भिंगबाईंना आडपडदा ठाऊक नाही. त्यांनी सांगून टाकलं, की अगदी जवळच्या जातींमध्ये बाहेरून फरक दिसतच नाही. म्हणून भुंगेरा मऊ करून त्याच्या पोटाचं टोक उघडायचं आणि आतला नराचा अवयव बघायचा. दर जातीचा घाट वेगळा. सासूबाईंनी हातातलं शिवण खाली ठेवलं आणि मुलाकडे पाहिलं. मुलगा छताकडे बघत होता.

"कुणी विचारलं तर सांगू, सून संग्रहालयात असते," सासूबाई म्हणाल्या. "एवढं पुरे."

हा मुलगा, म्हणजे भिंगबाईंचे यजमान, दातांचे डॉक्टर. ओळख झाली तीच मुळी दाढेपायी. दाढ भरून झाली, तोंड अजून बधिर, आणि अशा अवस्थेत बाईंनी ट्रेमधल्या सगळ्यांत बारीक आकडीकडे बोट करून बोबड्या बोलात विचारलं होतं, ही झिजली की मला द्याल का. डॉक्टरांनी नवीच देऊन टाकली. तिथंच ते फसले, असं ते पुढं सांगत.

संसार सुरळीत, नोकरी सुरळीत. फक्त एक मास्तर सोडले तर. मास्तर दुसऱ्या गावात शाळेवर होते आणि फावल्या वेळात त्यांना याच भुंगेऱ्यांचा नाद. वडिलांच्या वयाचे, आणि या विषयात त्यांचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. जुन्या अभ्यासकांनी वेगळ्या मानलेल्या दोन जाती त्यांनी एक करून टाकल्या होत्या. भिंगबाईंनी नव्या उमेदीत लेख लिहिला, की नाही, दोनच आहेत. एकीच्या नराचा तो अवयव टोकाला सरळ, दुसरीचा आकड्यासारखा वळलेला. शिवाय मिशा बुंध्याशी पिवळसर असतील तर पहिली जात, नसतील तर दुसरी. एवढं पाहिलं तरी ओळखू येतं.

मास्तरांनी उलट लेख धाडला, मिशांच्या रंगावरून जात ठरत नसते असंही त्यात बजावलं. 'तरुण अभ्यासकांचा उत्साह कौतुकास्पद आहे' अशी त्याची सुरुवात होती, म्हणजे पुढं काय असणार ते आलंच. बाईंनी 'ज्येष्ठांच्या अनुभवाचा मान राखून' शालजोडीतले दिले. असं वर्षानुवर्षं चाललं. समोरासमोर दोघं कधी आलेच नाहीत, पण घरात मास्तरांचं नाव इतक्यांदा निघे की सासूबाईंना ते सुनेच्या माहेरकडचे कुणी वाटू लागले होते.

मग एके दिवशी मास्तरांच्या लेकीचा फोन आला. वडिलांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलाय, ऑपरेशनला तयार नाहीत, आता बघायचं काय राहिलंय म्हणतात. सगळा संग्रह संग्रहालयाला द्यायचाय; पण दुसऱ्या कुणावर विश्वास नाही, स्वतः घेऊन येतील. भिंगबाईंनी जरूर या म्हणून सांगितलं. फोन ठेवल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की आपल्याला आनंद झालेला नाही. इतकी वर्षं ज्याच्यासाठी लेखणीला धार लावली, तो माणूस हातपाय गाळून पेट्या पोचवायला येणार. हे असलं जिंकणं त्यांना नको होतं.

मास्तर आले ते लेकीचा दंड धरून. उंच, किडकिडीत, जिन्यानं धाप लागलेली. खोलीत शिरताच डांबरगोळ्यांचा वास छातीभर घेतला आणि चेहऱ्यावर जरा रंग आला. लेकीनं पेट्या टेबलावर ठेवल्या. बाईंनी पाणी पुढं केलं. मास्तरांनी पाण्याकडे दुर्लक्ष करून विचारलं, "तुमच्या त्या दोन जाती दाखवा."

मायक्रोस्कोपला कॅमेरा होता, त्याचं चित्र मोठ्या पडद्यावर यायचं. मास्तर पडद्याला नाक टेकेल इतके जवळ गेले. सरळ टोक पाहिलं, वळलेलं पाहिलं. मग म्हणाले, हा वाळून वाकलाय. बाईंनी दुसरा नमुना लावला. तो डोंगरावरचा आहे म्हणाले, थंडीनं फरक पडणारच. तिसरा जंगलातला निघाला, तोही बाद. शेंडी तुटो की पारंबी तुटो, म्हातारा हटेना. लेक ओशाळून खिडकीबाहेर बघू लागली. भिंगबाईंना मात्र सकाळपासून पहिल्यांदाच हुशारी वाटली.

"मग ताजे धरू, एकाच जागचे," त्या म्हणाल्या. "माझ्या परसात खताचा ढीग आहे."

"चाळण आहे का?" मास्तरांनी विचारलं आणि ते उठून उभेही राहिले.

परसात दोरीवर पांढरी चादर वाळत होती. बाईंनी ती ओढून जमिनीवर पसरली. सासूबाई तावातावानं बाहेर आल्या, पण पाहुणे कोण हे कळताच नरमल्या. हेच का ते, असं सुनेला खुणेनं विचारून त्यांनी खुर्ची आणली, ती पदरानं पुसली, आणि आत जाऊन दुसरी चादरही काढून दिली. खुर्चीवर बसतंय कोण? मास्तर केव्हाच ढिगाशी गुडघे टेकून बसले होते. डोळ्यांना नीट दिसत नसलं तरी हात पटाईत. ढिगातला ओलसर पाचोळा कुठं खोलवर असतो ते चाचपून त्यांनी मुठीमुठीनं चाळणीत भरला आणि चाळण हलवली. चादरीवर तपकिरी भुगा पडला. थोड्या वेळानं त्यातून बारीक काळे ठिपके शेपट्या वर करून चौफेर सुटले.

"काय दिसतंय सांगा," मास्तर म्हणाले.

"चादर चालायला लागलीय," सासूबाई म्हणाल्या, आणि मास्तर पोट धरून हसले.

दुपारी सगळे पुन्हा तिसऱ्या मजल्यावर. बाई एकेक नर उघडत गेल्या आणि मास्तर पडद्याशी. सरळ. वळलेला. पुन्हा वळलेला. सरळ. एकाच ढिगातले, एकाच दिवसाचे, आणि अधलामधला एकही नाही. संध्याकाळचं ऊन खिडकीतून टेबलावर आलं तेव्हा मास्तर मागं टेकले.

"दोन आहेत," ते म्हणाले.

भिंगबाईंनी हातातली आकडी खाली ठेवली. तेवढ्यात मास्तर पुन्हा पुढं सरकले, "आता मिशा दाखवा."

मिशा दाखवल्या. पिवळा बुंधा सरळवाल्यांत होता, तसाच वळलेल्यांतही होता. कशाचा कशाला मेळ नाही. बाईंची खूण साफ कुचकामी. तिच्या भरवशावर कितीजणांनी कितीतरी भुंगेऱ्यांना भलतीच नावं लावली असतील. बाईंचे कान तापले. मास्तरांचा चेहरा मात्र परीक्षेत पहिल्या आलेल्या पोरासारखा खुलला.

"जाती तुमच्या, मिशा माझ्या," ते म्हणाले. यावर बाईंनाही हसू फुटलं, आणि मग आवरेना.

पेट्या संग्रहालयाला मिळाल्या नाहीत. मास्तरांनी त्या परत नेल्या. आत दोन्ही जाती एकाच नावाखाली कोंबलेल्या. असा घोळ लोकांच्या गळ्यात घालायचा म्हणजे काय, सगळे पुन्हा उघडून बघायला हवेत. लेकीनं चढवलेली ओझी तिनंच उतरवली, पण खाली पोचल्यावर तिनं बाईंचा हात घट्ट धरला. वडिलांनी जिन्यातच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांची वेळ घ्यायला सांगितलं होतं.

ऑपरेशनं नीट पार पडली. पुढं दोघांच्या नावानं एकत्र लेख निघाला, पण निघेनिघेपर्यंत फोन तापले. 'या दोन जाती भिन्न आहेत' या वाक्यात मास्तरांना 'बहुधा' घालायचा होता, बाईंना तो डोळ्यांसमोर नको होता. दातांचे डॉक्टर कंटाळून म्हणाले, राहू दे की म्हाताऱ्याचा एक शब्द. बाईंनी रात्रभर विचार केला आणि सकाळी फोन करून मास्तरांना नाही म्हणून सांगितलं. मास्तर भयंकर खूश झाले.