आबाजींचं न झालेलं भांडण

घरातून कोणी जायला निघालं, की आमचे आबाजी त्याच्याशी भांडण उकरून काढत. हटकून! आत्या सासरी निघाली की तिच्या गाठोड्यात खोट, काका निघाला की त्याच्या चपलांत. अर्ध्या जैनथ गावाला ऐकू जाईल असा आवाज. आत्या रडायचं विसरून तणतणत बसमध्ये चढायची.

आजी चुलीपाशी हसायची. "भांडू द्या त्याहिले. आठ दिवसात तिच्या दारात उभे राहतीन पाहा." आणि तसंच व्हायचं. धुतलेलं धोतर नेसून, ज्वारी आणि वांगी घेऊन आबाजी निघत. "पोरीले उगाच बोललो, समजूत काढून येतो." बापानं लेकीकडे कामाशिवाय जायचं नाही, ही त्या पिढीची रीत. मग काम नको का काढायला?

मी त्यांची नात. आईबाप लहानपणीच गेले, या दोघांनीच मला वाढवलं. हैदराबादच्या कॉलेजात माझा नंबर लागला, तेव्हा आबाजींचा दमा फार वाढला होता. वावरापर्यंतही जाणं होईना. "सारे तेलुगूत बोलतेत म्हने तिथं, कसं होईन वं तुयं?" हे आजीचं दिवसभर चालायचं. आबाजी खाटेवर बसून ऐकायचे.

निघायच्या सकाळी मी भांडणाची वाटच पाहत होते. मुद्दाम पेटीची दोरी सैल बांधली. ते धापा टाकत खाली बसले आणि मुकाट्यानं ती आवळून दिली. मला धडकीच भरली. मी लोणच्याची बरणी आदळली.

"मी नाही नेत हे! किती वेळा सांगितलं तुमाले!"

आजीचे हात थांबले. आबाजींनी बरणी उचलून बाजूला ठेवली.

"नोको नेऊ माय. वझं होते."

"आबाजी, काऊन असं करून राह्यले? भांडा ना माझ्याशी!" मी रडायलाच लागले.

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "भांडलो तर समजूत काढाले या लागते, बाई. हैदराबाद लय दूर हाय."

आजी तोंडाला पदर लावून आत निघून गेली. बस आली, मी चढले. जाऊ नकोस असं दोघांपैकी एकानंही म्हटलं नाही.

दिवाळीच्या आधीच आबाजी गेले. मला निरोप पोचला, तोवर सगळं आटोपलं होतं. मी शिकले, नोकरीला लागले. लोक कौतुक करतात, आणि अजूनही मनात येतं, काय करायचंय हे घेऊन!