टोपीवाल्यांची ट्रंक

लग्नाला आठ वर्षं झाली तरी आमच्या ह्यांनी कधी पाण्याचा पेला विसळला नव्हता. घरात त्यांचं काम एकच, सकाळी बंबातली राख काढायची आणि अंघोळीच्या पाण्यासाठी तो पेटवायचा. असा माणूस एके दिवशी कंपनीतून जेवणाचा डबा स्वच्छ धुऊन-पुसून घरी घेऊन आला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी चारही कप्पे नाकाशी धरून पाहिले. लसणाच्या चटणीचासुद्धा वास नाही! म्हटलं, इथे नक्की पाणी मुरतंय.

आम्ही मूळ नाशिकचे. ऐंशीच्या दशकात सिल्वासात कारखाने वाढले, तेव्हा हे एका कागदाच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून लागले. तिथे अमेरिकेतून रद्दीचे मोठमोठे गठ्ठे यायचे आणि ती रद्दी शिजवून नवा कागद व्हायचा. रद्दी निवडायला खानवेलकडून सकाळच्या बसने बायका यायच्या, आणि त्यांच्यावर देखरेख ह्यांची. आता तुम्हीच सांगा, माझ्या डोक्यात काय आलं असेल?

मी सरळ विचारलं, "डबा कोण धुतं?"

"मीच."

"का?"

"सहज."

सहज म्हणे! सहज कुणी डबा धुतं का? त्या दिवसापासून मी त्यांच्या शर्टाचे खिसे उलटे करून पाहू लागले. शेजारच्या धुळ्याच्या वहिनी म्हणाल्या, "भाऊजी तशातले नाहीत हो." तर मला त्या वहिनींचाच संशय यायला लागला. त्यांना एवढी खात्री कशी?

मग एका दुपारी दाढीच्या सामानाच्या पेटीत ती सापडली. पोस्टकार्डाएवढा फोटो होता. गोरी बाई, केस टोपीत कोंबलेले, अंगात पुरुषी सदरा. कमरेवर हात ठेवून थेट माझ्याकडे बघून हसत होती. मागे शाईने वळणदार इंग्रजीत काहीतरी लिहिलेलं. मला छापील इंग्रजी अडखळत वाचता यायचं, हे काही वाचता येईना. फोटो जुना आहे, पार तपकिरी पडलाय, हे मला दिसलं नाही असं नाही. दिसलं. पण अंगाचा तिळपापड झाल्यावर कोण तारीख-वार बघत बसतं? दाढीच्या पेटीत परक्या बाईचा फोटो! न्हाणीघरात गेले, तो बंबात टाकला, वर रॉकेलचा बोळा टाकला आणि काडी लावली. धूर डोळ्यांत गेला आणि मी रडले. धुराने रडले असं तेव्हा स्वतःला सांगितलं.

संध्याकाळी हे आले, चहा झाला, आणि पेटी उघडून शोधू लागले.

"अगं, इथला एक फोटो पाहिलास का?"

"नाही," मी म्हणाले. आणि ते पुढे काही बोलायच्या आत तोंड सोडलं. कोण आहे ती, कधीपासून चाललंय, डबा तीच धुते ना, सगळं एका दमात.

हे आधी बघतच राहिले, मग पोट धरून हसले. पलंगाखालची ट्रंक ओढून त्यांनी माझ्यापुढे उघडली. आत जुने फोटोच फोटो. विजारी गुडघ्याखाली मोज्यांत खोचलेले, मिशाळ, टोपीवाले गोरे पुरुष, हातात दांडके, आणि एका हातात फुगलेल्या पुरीसारखा भला मोठा हातमोजा.

"बेसबॉल म्हणतात ह्या खेळाला," ते म्हणाले. "रद्दीत येतात. कुणीतरी आयुष्यभर जपलेले असणार, आणि आपण कढईत शिजवून लगदा करायचा? मला नाही बघवत." गेटवरचा रखवालदार पिशव्या, खिसे सगळं तपासायचा, पण दुसऱ्याच्या उष्ट्या डब्याला हात लावायचा नाही. म्हणून फोटो डब्याच्या खालच्या कप्प्यातून यायचे, आणि तेल लागू नये म्हणून डबा आधी धुतला जायचा.

"त्यातली एकच बाई होती," ते अजून शोधत होते. "पुरुषांच्या संघात खेळायची, बघ. मागे आईला लिहिलं होतं, 'आता तरी राग सोड.' फ्रेमच्या काचेचं माप घ्यायला वेगळी काढली होती. तुला आवडली असती."

तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

नोकरी जाईल म्हणून मी मागे लागले, तेव्हा त्यांनी मॅनेजरला विचारलं. मॅनेजर म्हणाला, "ले जाओ भाई, रद्दी ही तो है." मग काय, निवडणाऱ्या बायकाही टोपीवाला दिसला की ह्यांच्यासाठी बाजूला ठेवायला लागल्या. ट्रंक भरत गेली. पण एक गोष्ट माझ्या डोळ्यांत खुपायची. ज्या ट्रंकेची कधी कडीसुद्धा लावलेली नसायची, तिला मी फोटो जाळला त्याच आठवड्यात कुलूप लागलं, आणि किल्ली ह्यांच्या जानव्याला. घरात आम्ही दोघं आणि एक लहान पोर. मग कुलूप कुणासाठी? मी त्यांचा चेहरा निरखायची. कळलंय की नाही? जेवताना भाजीत मीठ जास्त झालं असं म्हणाले, तरी मला वाटायचं, आता काढणार विषय. कधी काढला नाही.

नऊ वर्षं गेली. मुलगी दहावीची परीक्षा देऊन मोकळी झाली, तेव्हा ह्यांनी वापीहून काळ्या पानांचा अल्बम आणला. दोघांनी मिळून फोटो चिकटवले. मी भाजी निवडत बसले होते. शेवटचं पान उलटून मुलगी थांबली.

"बाबा, हे काय?"

मी मान वर केली. पानावर चार कागदी कोपरे नीट चिकटवलेले, आणि त्या चौकोनात खाली एक करपलेला तुकडा. त्यावर बुटाचं टोक तेवढं उरलं होतं.

"ती एक बाई होती," हे म्हणाले. "एवढीच उरली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंबाची राख काढताना मिळाली."

"बंबात? कुणी टाकली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुझ्या आईला विचार," म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

नऊ वर्षं मी ह्यांच्यावर डोळा ठेवून होते, ह्यांना कळलंय का म्हणून. आणि हे नऊ वर्षं नुसती वाट बघत होते.

"मी जाळली," मी म्हणाले. मुलीला नाही, त्यांना.